आधी बाग आखा, मग तळे खोदा

गोंदिया जिल्ह्यात शेतघर आहे, आवार ऐसपैस आहे आणि त्यात क्लोरीनचा वास नसलेले, डोळे न चुरचुरवणारे पोहण्याचे तळे असावे असे मनात आहे, तर जेसीबीवाल्याला फोन करण्याआधी कागदावर बाग काढा. अशा तळ्याची चौकशी करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न लांबीरुंदीचा असतो, दुसरा खर्चाचा. कडेने काय लावायचे ते मागाहून रोपवाटिकेत जाऊन बघू, असा हिशेब असतो. तो हिशेब चुकतो. रसायनावर चालणाऱ्या टाकीत बाहेरून काय येऊन पडले याची फारशी फिकीर करावी लागत नाही, कारण क्लोरीन बऱ्याच गोष्टींना पुरून उरते. नैसर्गिक तळ्यात तो पहारेकरी नसतो. पाण्यात काय शिरले आणि काय बाहेरच राहिले यावरच पाण्याचा रंग, वास आणि भरवसा ठरतो, आणि ते ठरवणारी असते भोवतालची बाग: तिचा उतार, तिची माती, तिला घातलेले खत, तिच्यातली झाडे.

रचना थोडक्यात सांगायची तर तळ्याचे दोन भाग असतात. एक खोल, मोकळा, पोहण्यासाठी; दुसरा उथळ, तळाशी धुतलेल्या खडीचा थर असलेला आणि पाणवनस्पती लावलेला. मध्ये भिंत. छोटा पंप पोहण्याच्या भागातले पाणी उचलून खडीच्या भागात सोडतो, तिथून ते झिरपत, भिंतीवरून ओसंडत परत येते. खडीच्या प्रत्येक दाण्यावर जिवाणूंचा पातळ बुळबुळीत थर बसतो. तो पाण्यातली घाण मोडतो, आणि मोडून निघालेले अन्न मुळे शोषून घेतात. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकापासून अशी तळी बांधली जाऊ लागली आणि तिथून ती युरोपभर गेली. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू: पोहण्याचा भाग ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद, १.८ मीटर खोल. वनस्पतींचा भाग ६० चौरस मीटर, सरासरी ४५ सेंटिमीटर खोल. मिळून १०० चौरस मीटर पाणी, म्हणजे साधारण एक लाख लिटर. वनस्पतींचा भाग पोहण्याच्या भागापेक्षा मोठा आहे, हे अनेकांच्या जिवावर येते. आपल्या उन्हात तो त्याहून लहान करू नये.

आता मुख्य मुद्दा. वनस्पती पाणी स्वच्छ करतात असे सर्रास सांगितले जाते, पण त्यांची भूमिका दुय्यम आहे. शेवाळ वाढू न देणारी खरी गोष्ट म्हणजे पाण्यातली उपासमार, आणि त्यातही एका घटकाची: फॉस्फरसची. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली सरोवरे आहेत. त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराला १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध पडदा घातला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तो भाग हिरवागार झाला. पडद्यापलीकडचा भाग स्वच्छ राहिला. म्हणूनच पोहण्याच्या नैसर्गिक तळ्यांसाठी जर्मनीत जे निकष आखले गेले त्यांत फॉस्फरसची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. हा आकडा किती लहान आहे ते आपल्या घरातल्या वस्तूवरून बघू. डीएपी खतात वजनाने साधारण २० टक्के फॉस्फरस असतो. म्हणजे ५ ग्रॅम डीएपीत, एका चहाच्या चमच्यात, १ ग्रॅम. आणि एक लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत न्यायला तेवढाच १ ग्रॅम पुरतो. शेवाळाच्या सुक्या वजनात फॉस्फरस टक्काभरच असतो, त्यामुळे त्या एका ग्रॅमवर शंभरेक ग्रॅम सुके शेवाळ पोसले जाते. ओले असताना ते त्याच्या कितीतरी पट दिसते. धानाच्या बांधीत पोत्याने डीएपी पडते. त्या बांधीतले पाणी पावसात बांध फोडून तळ्यात आले तर कितीही वेखंड आणि वाळा लावा, काही उपयोग नाही.

इथे कोणी म्हणेल की गोंदिया तर तलावांचा जिल्हा, इथल्या लोकांना पाणी साठवायला बाहेरच्यांनी काय शिकवायचे? म्हणणे रास्त आहे. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारदरबारी आणि गावातही आता मामा तलाव म्हणतात, हे जलव्यवस्थापनाचे उत्तम नमुने आहेत. तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचे धोरण गोंड राजांनी ठेवले आणि कोहळी समाजाने त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब ओतले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. मारुती चितमपल्लींच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे तो जिल्ह्याबाहेरच्या वाचकांनाही ठाऊक आहे. या तलावांची पाळ, पाणी सोडायचे तुडुम, जादा पाणी वाहून जायचे सलंग, आणि वरच्या तलावाचे सलंग खालच्या तलावाला मिळेल अशी साखळी, यांतली प्रत्येक गोष्ट पावसाच्या स्वभावाला ओळखून केलेली आहे. खासगी मालकीची छोटी बोडी तर आपल्या विषयाच्या आणखी जवळची. बोडी आहेच, तर तिच्यातच पायऱ्या बांधून पोहायला काय हरकत आहे, असाही विचार मनात येतो.

हरकत आहे, कारण तलाव आणि बोडी यांचा हेतूच उलटा आहे. ती दोन्ही सखल जागी असतात आणि चहूकडचे पाणी, त्यासोबतचा गाळ, पालापाचोळा, शेणमूत हे सगळे गोळा करतात. शेतीला आणि मासळीला तेच हवे असते. उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढून बांधीत टाकायची रीत जुनी आहे आणि राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली तीही याच जाणिवेवर: गाळ म्हणजे खत. जे धानाला खत, तेच आपल्या तळ्याला विष. म्हणून मामा तलावाकडून सलंग घ्या, पातळी उतरू देण्याचा धीर घ्या, पाणवनस्पतींची जाण घ्या. त्याचा येवा मात्र घेऊ नका. वाटेतल्या नाल्याला बांध घालून आपले तळे भरण्याचा मोह तर मुळीच नको. एक तर ते पाणी गावच्या तलावाचे, त्यावर खालच्या शेतकऱ्यांचा आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा हक्क आहे. आणि दुसरे, ते पाणी आपल्या कामाचे नाही.

यातून जागेची निवड आपोआप ठरते. आवारातली सगळ्यात सखल जागा, जिथे पावसाळ्यात पाणी साचते आणि म्हणून जी तळ्यासाठी तयारच आहे असे वाटते, ती सोडा. मधली किंवा वरची जागा घ्या. तळ्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा आणि त्याच्या बाहेर, चढाच्या बाजूने, फूटभर खोल चर काढून तो दोन्ही अंगांनी खाली न्या. चरात मोठे गोटे भरले तर तो बागेत शोभतोही. चर आणि काठ यांमधली दीड-दोन मीटरची पट्टी धुतलेल्या खडीची किंवा दगडी फरसबंदीची असू द्या, हिरवळ नको. गोऱ्यासाहेबी बागेतल्या हिरवळीला खत लागते, कापणी लागते, आणि कापलेले गवत वाऱ्यासरशी पाण्यात जाते. हिरवळ हवीच असेल तर ती तळ्याच्या उताराच्या बाजूला, खाली. तळ्याचे सलंगही त्याच बाजूला काढा. एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस कोसळला तरी तळ्यावर थेट पडणारे पाणी वीस हजार लिटरच असते. हातभर रुंदीचे सलंग ते आरामात वाहून नेते. ते पाणी सांदवाडीतल्या भाज्यांकडे किंवा विहिरीच्या पुनर्भरणाकडे वळवता येते. मातीच्या पाळीला खेकडे बिळे पाडतात हे बोडीवाल्याला सांगायला नको. म्हणून पोहण्याच्या भागाच्या भिंती दगडी किंवा काँक्रीटच्या असाव्यात, आणि वनस्पतींच्या भागाखाली जाड अस्तर असावे, दोन्ही बाजूंनी जिओटेक्स्टाइल घालून.

सगळ्यात जास्त गैरसमज खताबद्दल आहे. रसायनमुक्त तळे बांधणारा माणूस बहुधा बागही सेंद्रिय करणारा असतो. शेणखत, गांडूळखत, जीवामृत हे सगळे निसर्गाचेच, मग त्यांनी पाण्याला काय होणार, असे त्याला वाटते. पाण्याला फॉस्फरस खताच्या दुकानातून आला की गोठ्यातून आला याचे देणेघेणे नसते. उलट जीवामृतासारखे विरघळलेले खत पहिल्याच सरीबरोबर धावते. तेव्हा बागेचे दोन भाग सरळ मनातून वेगळे करा: तळ्याच्या चढाच्या बाजूची बाग उपाशी, उताराच्या बाजूची बाग खाऊन-पिऊन सुखी. चढाच्या बाजूला खताशिवाय जगणारी, इथल्या मुरमाड जमिनीची सवय असलेली झाडेझुडपे लावा. भाजीपाला, गुलाब, केळी, गोठा, कंपोस्टचा खड्डा हे सगळे उताराच्या बाजूला. कोंबड्या, बदके आणि गावातली भटकी गुरे यांना काठापर्यंत येऊ देऊ नका. बदके पाळून नैसर्गिक तळ्याची शोभा वाढवणारी छायाचित्रे पाहून फसू नका. एक बदक दिवसभरात जे पाण्यात सोडते ते काढायला वनस्पतींना बरेच दिवस लागतात.

झाडांच्या बाबतीत गोंदियाचा माणूस अडचणीत येतो, कारण इथे सावलीही हवी आणि पानगळही टाळायची. साग, मोह, पळस, तेंदू, सगळीच पानझडीची मंडळी. सागाचे एक पान पाण्यात बुडून कुजायला लागले की पाण्याला तपकिरी रंग देते. जांभळाच्या दिवसांत झाडाखालची जमीन जांभळी होते, तेच पाण्याचे होईल. उन्हाळ्यातला गरम वारा बहुधा पश्चिमेच्या अंगाने येतो आणि पश्चिमेचीच सावली आपल्याला दुपारी हवी असते. म्हणजे ज्या बाजूला झाड हवे त्याच बाजूने पाने उडत येणार. म्हणून मोठी झाडे काठापासून निदान आठ-दहा मीटर लांब, आणि काठाशी सावलीसाठी मांडव. बांबू इथे मुबलक आहे, तट्ट्या विणणारे हातही आहेत. पोहण्याच्या भागाच्या पश्चिमेला उभा तट्ट्यांचा आडोसा आणि अर्ध्या पाण्यावर मार्च ते जूनपुरता घातलेला मांडव पाणी थंड ठेवतो, बाष्पीभवन कमी करतो आणि त्याची पाने गळत नाहीत. मांडवावर वेल चढवायचा मोह आवरा. एवढे करूनही पाने येतातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज सकाळी जाळीने ती काढणे हा या तळ्याच्या मालकीचा भाग आहे. जाळीला पर्याय म्हणून कोणी काही विकत असेल तर तूर्त घेऊ नका.

पाण्यातल्या वनस्पतींसाठी परदेशी याद्या चाळण्याची गरज नाही. काठाच्या ओलीत वेखंड, ब्राह्मी, नागरमोथा. जरा आत पाणकणीस, पण मोजके, कारण ते सगळी जागा बळकावते. पाण्याखाली हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम. यांतल्या पाण्याखालच्या वनस्पती खऱ्या कामाच्या, कारण त्या अन्न थेट पाण्यातून घेतात आणि पाण्यातच ऑक्सिजन सोडतात. अर्जुनी मोरगावच्या ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने ढिवर समाजाच्या लोकांना सोबत घेऊन गावतलावांवर केलेले काम इथे शिकण्यासारखे आहे. तलावात माजलेली बेशरम काढायची, तळ नांगरायचा आणि मग पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावायच्या, अशी त्यांची पद्धत. वनस्पती परतल्या की देशी मासे आणि पक्षी परततात. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर तग धरते, कोणती मासा खातो, कोणती माजते, हे त्या लोकांना पुस्तकाशिवाय कळते. रोपे आणण्याआधी अशा जाणकाराला दोन तास आवारात बोलवा आणि त्याचे पैसे द्या. एखाद्या तलावातून उपटून आणलेल्या रोपांबरोबर जलकुंभीचा एखादा तुकडा आला तर तो पुढे महिनोन्‌महिने पुरतो, म्हणून रोपे बादलीत आठवडाभर वेगळी ठेवून, धुऊन मगच लावावीत. आणि लावायची ती मातीत नव्हे, खडीत. बांधीतली काळी माती घालून रोपे जोमाने वाढवायचा विचार इथे उलटतो.

कमळाचे काय? कमळाला चिखल लागतो आणि त्याचे कंद चिखलातून मैदान मारतात. त्यामुळे खडीच्या तळ्यात ते लावू नये. मन मानत नसेल तर काठाबाहेर वेगळे सिमेंटचे टाके करून त्यात लावा. दिसायला ते तळ्याचाच भाग वाटेल आणि त्याचे पाणी तळ्यात मिसळणार नाही.

वनस्पती लावल्याने फॉस्फरस नाहीसा होत नाही, तो फक्त पाण्यातून पानांत जातो. पाने तिथेच कुजली की तो परत पाण्यात. म्हणून कापणी हेच या सगळ्या यंत्रणेचे इंजिन आहे. युरोपातली पुस्तके वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडावर कापणी करायला सांगतात, कारण तिथे हिवाळ्यात सगळे थांबते. आपल्याकडे वाढ थांबतच नाही. पावसाळा संपल्यापासून दर सहा-आठ आठवड्यांनी एक तृतीयांश भाग कापावा, एकदम सगळा नव्हे, आणि कापलेला पाला उताराच्या बाजूच्या कंपोस्टात टाकावा. परदेशी पुस्तकांतली दुसरी अडचण ऑक्सिजनची. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेच्या सुमारास पाणी अगदी घुसमटलेले असते. खडीवरच्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळाला नाही तर पाण्याला कुजका वास येऊ लागतो. म्हणजे पंप रात्री चालायलाच हवा. फक्त उन्हात चालणारा सौरपंप स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर तो नेमका गरजेच्या वेळी झोपलेला असतो. ताशी चार-पाच हजार लिटर हलवणारा, कमी उंचीवर उचलणारा पंप आपल्या नमुन्याला पुरतो. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीची सोय हवी.

या अडचणींपेक्षा गंभीर आक्षेप पाण्याचा आहे. उन्हाळ्यात गावाच्या विहिरी तळाला जात असताना एका घराने पोहण्यासाठी एक लाख लिटर अडवायचे, हे शोभते का? आकडे मांडून बघू. एक लाख लिटर पाणी एक एकरावर पसरले तर त्याची जाडी अडीच सेंटिमीटर भरते. धानाच्या एका पाण्यालाही ते पुरत नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावरून, गळती-उडती वजा जाता, एक लाख लिटर सहज मिळते, आणि तळ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावर पडणारे वेगळेच. तेव्हा तळे भरणे ही अडचण नाही. फक्त हंगामातल्या पहिल्या दोन-तीन पावसांचे छपरावरचे पाणी, ज्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते, ते वळवून बागेत सोडायचे.

अडचण आहे ती उन्हाळ्याची. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ मिलिमीटर उडाले तर १०० चौरस मीटरवरून ८०० लिटर जातात, महिन्याला २४ हजार. मध्य मार्चपासून मृग बरसेपर्यंत धरले तर साठ ते ऐंशी हजार लिटर. हे पाणी रोज बोअरमधून भरायचे ठरवले तर आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे खरे ठरते. शिवाय बोअरच्या पाण्याबरोबर क्षार आणि शेतातून झिरपलेले नायट्रेटही येते, पाणी उडते आणि ते मागे साठत जाते. इथे मामा तलावाचे वागणे उपयोगी पडते: उन्हाळ्यात पातळी उतरते, आणि कोणी त्याचा बाऊ करत नाही. पंप खोल भागातून पाणी उचलून वनस्पतींच्या भागाला कायम भरलेले ठेवील, आणि जे काही उडेल ते पोहण्याच्या भागातून कमी होईल, अशी पातळ्यांची रचना सुरुवातीलाच करा. म्हणजे उन्हाळ्यात पोहण्याचा भाग हा वनस्पतींचा साठा होतो. त्याच्या ७२ हजार लिटरांना मांडवाच्या सावलीची आणि छपराच्या पाण्यावर भरलेल्या तीसेक हजार लिटरच्या जमिनीखालच्या टाकीची जोड दिली की बोअर चालू न करता जून गाठता येतो. याची किंमत अशी की एप्रिलच्या मध्यानंतर पोहणे बंद. ज्या दिवसांत पाण्यात उतरावेसे सगळ्यात जास्त वाटते तेच दिवस वगळायचे, हे ऐकून काहींचा उत्साह मावळेल. मावळू द्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते एप्रिलची सुरुवात हा इथला पोहण्याचा खरा हंगाम आहे. ज्याला मे महिन्यात दुपारी डुंबायचे आहे त्याने क्लोरीनची टाकी बांधावी, त्यात कमीपणा नाही.

मे टाळण्यामागे पाण्याच्या बचतीइतकेच मोठे दुसरे कारण आहे. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा कोमट गोड्या पाण्यात आणि तळच्या गाळात राहतो, ४६ अंशांपर्यंतच्या उष्णतेत वाढतो आणि नाकातून मेंदूपर्यंत पोहोचला तर वाचणारे अगदी थोडे. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले तेव्हा तिथल्या सरकारला तळी आणि विहिरींच्या पाण्याबाबत सूचना काढाव्या लागल्या. हा आजार विरळ आहे, पण त्याला अडवणारा क्लोरीन आपण स्वतःहून बाजूला ठेवला आहे हे विसरून चालणार नाही. पाणी कोमट लागत असेल तेव्हा उतरू नये, सूर मारू नये, तळ ढवळू नये, मुलांना नाकाला चिमटा लावावा. तळाशी गाळ साचू न देणे, जे आपण फॉस्फरससाठी करतोच आहोत, ते इथेही कामी येते. दुसरी गोष्ट अशी की एकाच्या अंगावरचे जंतू दुसऱ्यापर्यंत जाण्याआधी मारणारे या पाण्यात काही नाही. पंपाच्या वाटेवर अतिनील दिवा बसवला तरी तो फक्त त्याच्यासमोरून जाणारे पाणी शुद्ध करतो. म्हणून हे तळे घरच्या माणसांसाठी आणि थोड्या पाहुण्यांसाठी ठीक. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास पर्यटकांची निवासस्थाने चालवणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज नवी माणसे, त्यांच्या अंगाला लावलेली क्रीम, त्यांची लहान मुले. प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या लघवीत अर्धा ते एक ग्रॅम फॉस्फरस असतो; वर सांगितलेला एक लाख लिटरचा हिशेब आठवा. घरच्यांसाठीही तळ्याच्या उताराच्या बाजूला न्हाणी बांधा आणि साबण-तेलाशिवाय अंगावर पाणी घेऊनच उतरायचा नियम करा. उघडी जखम असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल त्या माणसाने काठावर बसावे.

डासांचा आक्षेप गोंदियात हसण्यावारी नेता येत नाही, कारण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या वनपट्ट्यांत हिवतापाचा त्रास खराच आहे, आणि हिवताप पसरवणारे ॲनोफिलिस डास घाण पाण्यापेक्षा स्वच्छ पाणी पसंत करतात. म्हणजे आपले तळे जितके चांगले तितके त्यांना आवडणार. पण त्यांच्या अळ्यांना निवांत, उथळ, शेवाळाच्या तंतूंनी आडोसा दिलेला काठ लागतो. काठ उभा असेल, पाण्याचा पृष्ठभाग पंपाने हलता असेल, आणि वनस्पतींच्या भागाच्या काठाशी पाणी खडीच्या वर न दिसता खडीतूनच वाहत असेल तर त्यांना जागा उरत नाही. बाकीचे काम चतुरांच्या पाण्यातल्या अळ्या आणि छोटे मासे करतात. डास खातात म्हणून गॅम्बुसिया सोडायचा सल्ला मिळेल. तो अमेरिकेतून आलेला, बेडकांची पिल्ले आणि देशी मासेही फस्त करणारा मासा आहे. त्याऐवजी स्थानिक ओढ्यातले बोटाएवढे देशी मासे मोजके सोडावेत आणि त्यांना कधीही खाऊ घालू नये. रोहू, कटला, गवत्या मासा यांचे इथे काम नाही. गवत्या तर महिनाभरात सगळी बाग चरून टाकतो.

साप येतील का? येतील. बेडूक आले की दिवड येतो, तो बिनविषारी. नाग, मण्यार आणि घोणस पाण्यापेक्षा काठावरच्या अडगळीला भुलतात. म्हणूनही ती खडीची उघडी पट्टी हवी, आणि संध्याकाळनंतर पायवाटेवर उजेड. सापापेक्षा मोठा धोका बुडण्याचा आहे. प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यांत माणसे आणि जनावरे पडून मरतात ती कागदावर पाय ठरत नाही म्हणून. आपल्या तळ्याला निदान दोन बाजूंनी खडबडीत दगडी पायऱ्या, एका बाजूला रानातल्या जनावराला चढून येता येईल असा उतार, आणि भोवती चार फुटी कुंपण, ज्याचे फाटक लहान मुलाला उघडता येणार नाही, एवढे पाहिजेच.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिला पावसाळा खोदायचे काहीच नाही. आवारात पाणी कुठून येते, कुठे धावते, शेजारच्या बांधीतून कुठे फुटते ते बघून फक्कीने खुणा करा आणि त्यावरून चराची रेषा नक्की करा. ऑक्टोबरनंतर चर, काठ आणि चढ-उताराच्या बागांची आखणी. जमीन सुकली की जानेवारी-फेब्रुवारीत खोदकाम, मार्चपर्यंत बांधकाम. अस्तर पसरायचे ते सकाळी लवकर, कारण दुपारच्या उन्हात ते फुगते आणि नंतर आकसून ताणते. खडी दोन-तीनदा, गढूळ पाणी येणे थांबेपर्यंत धुवा. या एका कामात कंत्राटदार हमखास काटकसर करतो, तिथे स्वतः उभे राहा. इथल्या ग्रॅनाइट-नाइससारख्या दगडाची खडी पावसाच्या पाण्याला फारसा चुना देत नाही आणि पाण्याखालच्या वनस्पतींना तो लागतो, म्हणून खडीत थोडा चुनखडीचा दगड मिसळा. वनस्पती जूनच्या सरींबरोबर लावा आणि तळे पावसाने भरू द्या. पहिल्या काही महिन्यांत पाणी हिरवे होईल, तंतुमय शेवाळही येईल; ते हाताने काढत राहायचे. घाबरून मोरचूद टाकाल तर जिवाणूंचा थर आणि पाण्यातले छोटे जीव दोन्ही मरतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ऑक्टोबरमध्ये पोहण्याच्या भागाच्या तळाशी पांढरी थाळी ठेवा. काठावरून ती स्वच्छ दिसली, तर पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासायला द्या. जर्मन निकषांत ई-कोलाय जिवाणूंची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १०० आहे. अहवाल त्याच्या आत आला तर पोहायला उतरा. त्यानंतर पोहण्याच्या हंगामात दर महिन्याला एक नमुना, आणि शेजारच्या बांधीतले पाणी कधी चर ओलांडून आलेच, तर नव्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत पोहणे बंद.